डांबर संपतं तिथून

अप्पांच्या राजदूतच्या पेट्रोलच्या टाकीवर एक जुनं पोतं दुमडून टाकलेलं असायचं. ती माझी जागा. साल १९७४ किंवा ७५. मी सहा-सात वर्षांची. अप्पा बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते आणि बहात्तरच्या दुष्काळात माण-खटावमध्ये निघालेली रस्त्यांची कामं अजून चालू होती. साताऱ्याहून निघालं की आधी डांबर लागायचं, मग मुरूम, मग रोलरची वाट बघत पसरून ठेवलेली खडी, आणि जिथे रस्ता व्हायचा होता तिथे नुसती बैलगाडीची चाकोरी. चारही ठिकाणी गाडी तीच. १७५ सीसीची, दोन-स्ट्रोक, मूळ आराखडा पोलंडचा आणि बांधणी फरिदाबादची. तीच दूधवाल्याकडे, तीच तलाठ्याकडे, तीच शाळामास्तरांकडे. ही गाडी रस्त्याची की रानाची, असा प्रश्न कुणाच्या डोक्यात येत नव्हता.

गेली तीस वर्षं मी अमेरिकेत कोलोरॅडोच्या पश्चिम भागात, मॉन्ट्रोजला राहते. धंदा अप्पांचाच: रस्ते. मागच्या दिवाळीत साताऱ्याहून पुतणीचा फोन आला. "आत्या, डोंगरातल्या वाटेवरही जाईल आणि हायवेलाही चालेल अशी मोठी गाडी घ्यायची आहे. कुठली घेऊ?" इकडे अशा गाडीला ड्युअल-स्पोर्ट म्हणतात, आणि हा प्रश्न मला इथेही दर उन्हाळ्यात कुणी ना कुणी विचारतं. मी उत्तर द्यायला बसले आणि लक्षात आलं, की गाडीचं नाव सांगण्याआधी हा प्रश्न मुळात पडायला कधी लागला ते सांगायला हवं. कारण एके काळी तो नव्हताच.

एके काळी म्हणजे १९१६ साली. त्या वर्षी जुलैच्या पहिल्या आठवड्यात ऑगस्टा आणि ॲडलिन व्हॅन ब्युरेन या दोघी बहिणी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनहून निघाल्या. दोघींकडे एकेक इंडियन पॉवरप्लस, जवळपास १००० सीसीची. महायुद्ध अमेरिकेच्या दाराशी आलं होतं आणि बायका लष्करात निरोप्याचं काम करू शकतात, हे त्यांना सिद्ध करायचं होतं. कातडी विजार घातली म्हणून वाटेतल्या गावांमध्ये पोलिसांनी त्यांना पकडलं. ऑगस्टमध्ये त्या कोलोरॅडोत पोचल्या आणि १४,१०० फुटांवरच्या पाइक्स पीकच्या माथ्यावर गेल्या; स्वतः मोटरसायकल चालवत तिथे जाणाऱ्या त्या पहिल्या बायका. शिखरावर जाणारा तो रस्ता तेव्हा नुकताच पुरा झाला होता. पुढे डोंगरात पाऊस लागला, गाड्या चिखलात रुतल्या, आणि दोघी पायी चालत गिलमन नावाच्या खाणकामगारांच्या गावात पोचल्या. तिथल्या लोकांनी गाड्या उकरून काढून दिल्या. २ सप्टेंबरला त्या सॅन फ्रान्सिस्कोत होत्या. सगळी मजल साडेपाच हजार मैलांची, म्हणजे जवळपास ८,८०० किलोमीटर. एवढं करूनही लष्करानं ॲडलिनचा अर्ज नाकारला. पुढे ती वकिलीची पदवी घेऊन वकील झाली आणि ऑगस्टा विमान चालवायला शिकली.

त्यांच्या गाडीला कुणी ड्युअल-स्पोर्ट म्हटलं नाही. म्हणणार कसं? शहराबाहेर पक्का रस्ता जवळजवळ नव्हताच. प्रत्येक मोटरसायकल वाटेवरचीच होती.

त्या दोघी रस्त्यात असतानाच, ११ जुलै १९१६ ला, अध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी रस्त्यांसाठी केंद्राचा पैसा राज्यांना देणाऱ्या पहिल्या मोठ्या कायद्यावर सही केली. पैसा हवा तर राज्याला स्वतःचं रस्ते खातं उभारावं लागेल, अशी त्यात अट होती. आज मी ज्या व्यवस्थेत काम करते ती तिथून सुरू झाली. रस्त्यांचा इतिहास वाचताना या दोन तारखा मला पहिल्यांदा शेजारी शेजारी दिसल्या, तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले होते. डांबर आलं, चांगलंच झालं. दवाखाना जवळ आला, शाळा जवळ आली. पण डांबरानं मोटरसायकलची वाटणी केली. गुळगुळीत रस्ता मिळाल्यावर गाडी जड झाली, बसकी झाली, चाकं लहान आणि टायर सपाट झाले. रानात जाणाऱ्यांनी दुसरी गाडी काढली: दिवा नाही, हॉर्न नाही, नंबरप्लेट नाही, शर्यतीपुरती. घर फुटावं तशी दोन चुली झाल्या. ड्युअल-स्पोर्टचा सगळा इतिहास म्हणजे या दोन चुली पुन्हा एक करण्याची धडपड आहे.

सुरुवात लोकांनीच केली. १९५० आणि ६० च्या दशकात कॅलिफोर्नियातली पोरं ट्रायम्फसारख्या जड ब्रिटिश गाड्यांचा सायलेन्सर वर उचलून बांधायची, रुंद हँडल लावायची आणि वाळवंटात न्यायची. मग होंडानं वरच्या सायलेन्सरची २५० सीसीची सीएल७२ काढली. १९६२ मध्ये तिची जाहिरात व्हावी म्हणून डेव्ह एकिन्स आणि बिल रॉबर्टसन ज्युनिअर हे दोघे मेक्सिकोच्या बाहा द्वीपकल्पावरून, तिहुआनापासून ला पाझपर्यंत, दीड हजारांवर किलोमीटर गेले. मध्ये बहुतेक ठिकाणी रस्ता असा नव्हताच. निघताना तिहुआनाच्या तारघरातून तार आणि पोचल्यावर ला पाझच्या तारघरातून तार. दोन तारांमधलं अंतर हाच वेळेचा पुरावा. एकिन्सला चाळीस तासांना चार मिनिटं कमी लागली. पाच वर्षांनी त्याच मुलखात बाहाची प्रसिद्ध शर्यत सुरू झाली.

पण सीएल७२ ही मुळात रस्त्याचीच गाडी, कपडे बदललेली. दोन्ही कामांसाठी मुळापासून बेतलेली आणि सामान्य माणसाला परवडणारी गाडी आली ती यामाहाची डीटी-१. ऑक्टोबर १९६७ च्या टोकियोच्या प्रदर्शनात ती दिसली आणि १९६८ मध्ये अमेरिकेत विकायला आली. २५० सीसी, एक सिलिंडर, दोन-स्ट्रोक, वजन ११२ किलोच्या आसपास. दिवा होता, हॉर्न होता, नंबरप्लेट लागत होती. सोमवार ते शुक्रवार कामावर, शनिवारी डोंगरात. सगळ्या जपानी कंपन्या तिच्या मागे धावल्या.

मग नियम आले, आणि नियमांनी यंत्र कसं घडतं हे मला फार मोलाचं वाटतं. फेब्रुवारी १९७२ मध्ये अध्यक्ष निक्सन यांनी आदेश काढला, की सरकारी जमिनीवर रानगाड्यांनी कुठे जायचं आणि कुठे नाही, हे त्या त्या खात्यानं ठरवून द्यावं. त्याच वर्षी होंडानं चार-स्ट्रोकची एक्सएल२५० आणली, एका सिलिंडरला चार व्हॉल्व्ह असलेली. १९७८ पासून रस्त्यावरच्या मोटरसायकलींना धुराची मर्यादा लागली आणि दोन-स्ट्रोक गाड्या हळूहळू नंबरप्लेटच्या जगातून हद्दपार झाल्या. चार-स्ट्रोकला तेवढीच ताकद द्यायची तर इंजिन मोठं हवं. 'मोठी' ड्युअल-स्पोर्ट रुजली ती अशी.

तिची आई मात्र या नियमाच्या आधीची: यामाहाची एक्सटी५००, १९७६ च्या मोसमातली. आमच्या गल्लीतल्या एका निवृत्त गृहस्थांकडे ती आहे, आणि त्यांनी एकदा मला ती किक मारून चालू करू दिली. ५०० सीसीचं एकच सिलिंडर. पिस्टन नको त्या जागी असताना किक मारली तर ती उलट येऊन पाय मोडू शकते. म्हणून डाव्या मुठीपाशी एक छोटा लिव्हर असतो. तो दाबला की व्हॉल्व्ह किंचित उघडतो आणि आतला दाब सुटतो. मग किक हळूहळू हातानं ढकलावी तशी पायानं दाबत न्यायची, आणि नजर ठेवायची इंजिनाच्या डोक्यावरच्या बोटभर काचेकडे. आतून कॅमशाफ्टवरची चंदेरी खूण त्या खिडकीत आली, की पिस्टन जागेवर आला. लिव्हर सोडायचा, किक वर येऊ द्यायची, आणि मग न घाबरता, एकाच दमात, शेवटपर्यंत. पहिल्या दोन वेळा मी अर्ध्यात पाय सोडला. तिसऱ्या वेळी ती बोलली. जात्याचा पहिला घास दळताना जमिनीतून जो आवाज येतो, तसा. गाडीचं इंजिन ऑइलही वेगळ्या टाकीत नाही, सांगाड्याच्या नळीत भरलेलं. कमी वस्तू, कमी बिघाड.

२६ डिसेंबर १९७८ ला पॅरिसहून पहिली डाकार शर्यत निघाली, त्यात हीच गाडी होती. थिएरी साबीन हा फ्रेंच माणूस आदल्या वर्षी एका शर्यतीत सहारात वाट चुकून मरता मरता वाचला होता. त्यानं ही शर्यत सुरू केली. सिरिल नव्हो एक्सटी५०० वर जिंकला, आणि पुढच्या वर्षी पुन्हा त्याच गाडीवर. मग बीएमडब्ल्यूनं १९८० मध्ये आर८० जी/एस काढली. त्या दोन अक्षरांचा जर्मन अर्थच मुळी 'मोकळं रान' आणि 'रस्ता'. १९८१ ला ती जिंकली. १९८३ मध्ये यामाहाची तीस लिटर टाकीची टेनेरे आली. वाळवंट मोठं म्हणून टाकी मोठी, टाकी मोठी म्हणून गाडी जड, जड म्हणून इंजिन मोठं. हे चक्र थांबलं नाही. जी/एसच्या वंशातली १२५० जीएस पेट्रोल भरून २४९ किलो भरते. ती फार उत्तम गाडी आहे, मी चालवली आहे. पण डोंगरात एकट्या माणसाच्या हातात ती देऊ नये, असं माझं ठाम मत आहे. डाकारच्या आयोजकांनाही शेवटी माघार घ्यावी लागली: २०११ पासून तिथे ४५० सीसीच्या वर मोटरसायकल चालत नाही.

मी राहते त्या मुलखात ड्युअल-स्पोर्ट का लागते, ते सांगते. दक्षिणेला सान वान डोंगर आहेत. १८७० च्या दशकात तिथे चांदी सापडली आणि ऑटो मिअर्स नावाच्या, रशियन साम्राज्यात जन्मलेल्या माणसानं कडे फोडून टोलचे रस्ते काढले. बैल आणि खेचरं खनिज ओढतील इतकाच उतार आणि इतकीच रुंदी. यूरे गावाच्या वरचा त्याचा रस्ता आज महामार्ग झाला आहे. पण लेक सिटीहून इंजिनिअर पासवर, १२,८०० फुटांवर चढणारा रस्ता अजून दगडमातीचाच आहे. १८६६ च्या खाणकायद्यात एक कलम होतं: सरकारी जमिनीवर वहिवाटीचा रस्ता काढायला मुभा. ते कलम १९७६ मध्ये रद्द झालं, पण तोवर वापरात आलेल्या रस्त्यांचा हक्क राहिला. त्यामुळे खाणी बंद पडल्या, ॲनिमस फोर्क्ससारखी गावं ओस पडली, तरी रस्ते जिवंत राहिले. एक खिंड उतरलात की खाली महामार्ग, पन्नास किलोमीटर डांबर, मग पुढची खिंड. नुसती रानातली गाडी महामार्गावर चढवता येत नाही आणि नुसती रस्त्याची गाडी खिंडीत चढत नाही. शेजारच्या युटामधल्या व्हाइट रिम रस्त्यावरही नोंदणी झालेल्या मोटरसायकललाच परवानगी आहे.

२००९ मध्ये, एक्केचाळिसाव्या वर्षी, मी दुकानात गेले तेव्हा समोर तीन नावं होती. कावासाकी केएलआर६५०, १९८७ पासूनची. पाण्यानं थंड होणारं इंजिन, २३ लिटरची टाकी, वजन १९६ किलो. होंडा एक्सआर६५०एल, १९९३ पासूनची. १५७ किलो, पण सीट जमिनीपासून ९४० मिलिमीटर. आणि सुझुकी डीआर६५०, १९९६ च्या बांधणीची. १६६ किलो, १३ लिटर, सीट ८८५. तिघींना एकच सिलिंडर, तिघींना कार्बोरेटर. वर्षानुवर्षं कंपन्यांनी त्यांना जवळजवळ हात लावला नाही, आणि माझ्या मते हाच त्यांचा मोठेपणा. सिल्व्हरटन गावाच्या रस्त्यात कुणाची बंद पडली, तर तिथून जाणारा दुसरा कुणी ती उघडू शकतो, कारण वीस वर्षं आत तेच आहे.

दुकानातल्या माणसानं विचारलं, "मिस्टरांसाठी बघताय का?" मी खिशातून अप्पांचा जुना पोलादी टेप काढला आणि सीटची उंची मोजायला लागले. माझी उंची पाच फूट दोन इंच. एक्सआरवर माझे दोन्ही पाय अधांतरी. केएलआरवर बोटं टेकली, पण गाडी जराशी कलली तशी पोटात कळ आली. टाकीतलं पेट्रोल वर असतं, तो भार आधी खांद्यात जाणवतो. डीआरच्या पुस्तिकेत मात्र कारखान्यानंच एक सोय लिहून ठेवली आहे. मागच्या शॉकॲब्सॉर्बरच्या खालच्या टोकाला दोन भोकं असतात. बोल्ट एकातून काढून दुसऱ्यात घालायचा. पुढच्या फोर्कच्या आतली नळी काढून जागा बदलून बसवायची. स्टँड आखूड लावायचा. गाडी चाळीस मिलिमीटर खाली येते, आणि हवी तेव्हा पुन्हा वर नेता येते. जपानमधल्या कुण्या आरेखकानं टेबलावर बसून माझ्यासारख्या बाईचा विचार केला होता, असं मला त्या दिवशी वाटलं, आणि ती भावना अजून गेलेली नाही. मी डीआर घेतली.

तिचं वजन मला खरं कळलं ते दोन वर्षांनी. ऑगस्ट महिना, यूरेच्या बाजूनं इंजिनिअर पासचा चढ. दुपारी ढग उतरायला लागले म्हणून मी घाई केली आणि वळणावर सुट्या दगडांवर पुढचं चाक घसरलं. गाडी चढाच्या खालच्या अंगाला आडवी. मागे तंबू, पाणी, हत्यारं मिळून पंधरा-सोळा किलो. त्या उंचीवर हवा समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन-तृतीयांश; माणसाचाही दम कमी, इंजिनाचाही. दोन प्रयत्न केले, हलली नाही. मग सामान सोडलं, हँडल पूर्ण जमिनीकडे वळवलं, पाठ सीटला लावली, एक हात मुठीवर, दुसरा मागच्या दांड्यावर, आणि कमरेनं न उचलता पायांनी मागे रेटत छोटी छोटी पावलं. गाडी उभी राहिली. मी खाली बसले आणि दहा मिनिटं उठले नाही. एकही माणूस त्या तासाभरात तिथून गेला नाही. केएलआर असती तर तीस किलो जास्त असते. मी तिथे रात्र काढली असती.

म्हणून पुतणीला मी टॉर्क आणि अश्वशक्तीचे आकडे पाठवले नाहीत. तिच्यासमोर दोन गाड्या आहेत: रॉयल एनफिल्डची हिमालयन ४५०, १९६ किलो, आणि हिरोची एक्सपल्स २००, १६० च्या आतबाहेर. मी दुकानात पाहिलेल्या तिन्ही ६५० आपल्याकडे शोरूममध्ये मिळत नाहीत, आणि त्यावाचून काही अडतही नाही. मी लिहिलं: ज्याच्याकडे गाडी आहे त्याच्याकडे जा, ती मुरमावर नेऊन हलकेच आडवी कर, तुझं सगळं सामान बांधून. मग एकटीनं उचल. एकदा नाही, तीनदा. वाटेवर माणूस एकदाच पडत नाही.

मार्चमध्ये ती मैत्रिणीची हिमालयन घेऊन दहिवडीच्या पुढे गेली. पहिल्यांदा उचलली, दुसऱ्यांदा कशीबशी उचलली, तिसऱ्यांदा मैत्रिणीला हाक मारावी लागली. आठवड्यानं दुसऱ्या एकाची एक्सपल्स तिनं तीनदा उचलली. तिनं एक्सपल्स नोंदवली आहे. हायवेला ती दमते आणि पुण्याला जाताना ट्रकला वाट द्यावी लागेल, हे तिला माहीत आहे. तिनं त्या जागेचा फोटो पाठवला. अप्पांच्या हाताखाली झालेला तो रस्ता आता रुंद डांबरी आहे, मधोमध पांढरा पट्टा. त्याला उजव्या हाताला फुटणारी वाट अजून मुरमाचीच आहे.